बाबांच्या नावाची ट्यूब

लॅबचा गुरुदत्त रक्त घ्यायला विठ्ठलवाडीहून स्कूटरवर यायचा, जिन्यातच हेल्मेट काढायचा आणि बाबांच्या हातावर शीर शोधताना इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा. डोंबिवलीतल्या त्या घरात दर महिन्याची ही एक सकाळ ठरलेली होती. सुधीर देवस्थळींना फुप्फुसाचा कॅन्सर होता. रक्तातल्या सीईए मार्करचा आकडा उतरला तर गोळ्या लागू पडताहेत, चढत राहिला तर नाही, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. बाबा त्या आकड्यावर जगत होते.

आकडा चढायला लागला, तशी त्यांची मुलगी मैथिली रिपोर्ट लपवू लागली.

"शाळेत प्रगतिपुस्तक लपवायचीस, तसंच चाललंय तुझं," बाबा म्हणाले. "कागद दाखव. नाहीतर उद्यापासून गोळी बंद."

मग तिनं ठरवलं. डॉक्टरांसाठी बाबांचं रक्त हॉस्पिटलातच काढून घेतलं. घरी ते झोपल्यावर गुरुदत्तला स्वयंपाकघरात बसवलं आणि स्वतःचा हात पुढे केला.

"बाबांचं नाव लाव."

"ताई, नोकरी जाईल माझी."

"डॉक्टरांना नाही दाखवणार रे. फक्त बाबांना, आकडा उतरलेला दिसावा म्हणून."

त्यानं मान खाली घालून लेबल चिकटवलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. ५८.३. हॉस्पिटलचाही आला. ५८.३.

मैथिली विमा कंपनीत दावे तपासायची. चूक कुठे असते हे तिला ठाऊक होतं. लॅबनं गोंधळ घातला, किंवा आपल्यालाच काहीतरी झालंय. दुसऱ्या दिवशी गुरुदत्तकडून तिनं एकाच टोचणीत दोन ट्यूब भरून घेतल्या. एकीवर तिचं नाव, दुसरीवर बाबांचं. कल्याणच्या वेगळ्याच लॅबमध्ये स्वतः नेऊन दिल्या.

तिचा आकडा १.६ आला, निरोगी माणसाचा असतो तसा.

बाबांच्या नावाचा, ५८.९.

हे कुणाला सांगणार? डॉक्टरांनी फाइल मिटली, आता गोळ्यांचा उपयोग नाही म्हणाले. घरी बाबा उशांना टेकून वाट बघत बसले होते.

"किती आला?"

"उतरतोय, बाबा."

त्यांनी धाप आवरत उशी सरळ केली. "मग मला असं का होतंय गं?"

गणपतीच्या आधी बाबा गेले.

तेरावं झालं आणि तिनं गुरुदत्तला बोलावून पुन्हा स्वतःचा हात पुढे केला. बाबांच्या नावाचा तो आकडा आता तरी येत नाही ना, एवढंच तिला पाहायचं होतं. नाव कुणाचं, हे त्यानं विचारलं नाही. बाबांच्या नावाचं लेबल त्यानं आपणहून लावलं.

"ताई, यानंतर मी नाही येणार."

दुपार उलटली तरी रिपोर्ट मोबाइलवर आला नाही. तिनं लॅबला फोन लावला. काउंटरवरची शिवानी बोलत होती; ती नवीन होती.

"सुधीर देवस्थळी ना? रेडी आहे, मॅडम. बत्तीस. खूपच उतरलाय की!"

मैथिलीनं आकडा कागदावर लिहून घेतला.

"काकांना सांगितलं मी मघाशीच."

"कुणाला?"

"काकांना. त्यांचा फोन आलेला ना, आकडा विचारायला. छान बोलत होते, धाप वगैरे काही नाही." शिवानी हसली. "म्हणाले, तुम्हीच सांगा, मुलगी खरं सांगत नाही."