सही उद्या नक्की

चष्म्याचा स्क्रू कधी ना कधी पडायचाच, पण तो चालत्या बसमध्ये, गुरुवारी, संध्याकाळी साडेपाचला पडावा असं काही नव्हतं. तिचा पडला. एका हातात काच, दुसऱ्या हातात फ्रेम अशी ती पुढच्या थांब्यावर उतरली आणि समोर जे दुकान चष्म्याचं असावं असं वाटलं त्यात शिरली. ते चपलांचं निघालं. तिथल्या बाईंनी तिला दंडाला धरून शेजारच्या दुकानात नेऊन सोडलं.

"स्क्रू पडलाय हो," ती म्हणाली. "जरा बसवून देता?"

काउंटरमागे एक उंच, निळसर, धूसर आकृती उभी होती. ती काहीच बोलली नाही. तिने फक्त खुर्चीकडे हात केला. मग बसा अशी खूण केली. मग, बहुतेक, दोन मिनिटं लागतील अशीही खूण केली. चष्मा नसलेल्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलण्यात अर्थ नसतो, हे निदान चष्म्याच्या दुकानात तरी माहीत असायला हवं. पण त्यामागे कारण होतं, आणि ते तिला लवकरच कळणार होतं.

ती चाचपडत खुर्चीत बसली. रिकामा वेळ होता म्हणून तिने फोन काढला, नाकाला टेकवून नंबर शोधला आणि लावला. नंबर 'उद्या' या नावाने साठवलेला होता.

निळसर आकृतीच्या खिशात फोन वाजला.

तिने फोन कापला. खिसा गप्प झाला. तिने पुन्हा लावला. खिसा पुन्हा वाजला. हे तिने तीनदा केलं, कारण ती प्रुफं वाचण्याचं काम करायची आणि चूक तीनदा तपासल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

"उद्या?" तिने विचारलं.

"...हो," आकृती म्हणाली. "म्हणजे... नमस्कार."

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. तिला एक टाइमशेअर घ्यायचं होतं. म्हणजे समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमधली खोली कायमची आपली, पण वर्षातून एकाच आठवड्यापुरती. बाकीचे आठवडे ती इतरांची. नवीन घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून ती एका जुन्या मालकाकडून घेत होती. जाहिरातीत एवढंच होतं – 'क्र. ५३, समुद्रासमोर, विकणे आहे.' मालक म्हणजे कुणी एक मामा. ते दूर मुलीकडे राहायला गेले होते आणि सह्या करण्याचा अधिकार भाच्याकडे देऊन गेले होते. तिच्याकडचे सगळे कागद तयार होते. भाच्याची एक सही बाकी होती, आणि ती सहा आठवडे बाकी होती. फोन केला की पलीकडून एक हळू, अतिशय सभ्य आवाज म्हणायचा, "सही उद्या नक्की."

घाई तिला उगाच नव्हती. तिची आई एकतीस वर्षं इस्पितळात नर्स होती आणि दोन महिन्यांनी निवृत्त होत होती. एकतीस वर्षांत ती सलग सात दिवस कुठेही गेली नव्हती. मुलीने तिला शब्द दिला होता – नोकरी संपली की लगेच समुद्र, त्रेपन्न नंबरची खोली. पण कोणत्या आठवड्यात जायचं ते ठरवायची पुढच्या वर्षीची नोंदणी तीस तारखेला बंद होणार होती. आईने तर टोपीसुद्धा आणली होती, मोठ्या काठाची. वाऱ्यात टिकते का हे बघायला ती स्वयंपाकघरात पंख्याखाली ती घालून उभी राहायची.

"तुमच्या सहीला नेमकं झालंय तरी काय?" तिने त्या आकृतीला विचारलं.

उत्तर द्यायच्या ऐवजी त्याने चष्मा तिच्या नाकावर ठेवला, दोन्ही काड्या कानांमागे बसवल्या आणि मागे सरकला. जग एकदम जागेवर आलं. जगाच्या मधोमध एक तरुण उभा होता. निळा एप्रन, कान थोडे पुढे आलेले, डोळे अपराधी. त्याच्या स्वतःच्या चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली होती.

"घट्ट वाटतोय का?" त्याने विचारलं.

"विषय बदलू नका."

"नाही बदलत. पण... घट्ट वाटतोय का?"

जरासा वाटत होता. त्याने काढून घेतला, काडी किंचित वाकवली, पुन्हा बसवला. त्याची बोटं गार होती. तिने सहीचा विषय पुढे नेला नाही. का नेला नाही, हा प्रश्न तिला घरी पोचल्यावर पडला.

दुसऱ्या दिवशी ती कागदच घेऊन गेली. त्याने कागदाकडे पाहिलं, मग पेनाकडे.

"हे निळं पेन आहे."

"मग?"

"काळं लागतं असं ऐकलंय."

ती तिसऱ्या दिवशी काळं पेन घेऊन गेली. तेव्हा त्याचा अंगठा दुखत होता. चौथ्या दिवशी अंगठा बरा होता, पण त्याची सही बदलली होती.

"सही कशी बदलते?"

"वयानुसार," तो गंभीरपणे म्हणाला. "अधिकारपत्रावर जी आहे ती दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा मी वेगळा माणूस होतो. सराव करावा लागेल."

"करा. मी बसते."

त्याने खरंच एक कोरा कागद काढला आणि सराव केला. ती समोर बसून बघत राहिली. अकरा सह्या झाल्या, अकराही सारख्या. तो म्हणाला, "अजून नाही जमत," आणि तिला हसू आलं. ते तिने खोकल्यात लपवलं, आणि त्याने पाण्याचा पेला पुढे केला.

रोज काहीतरी निघायचं. रोज जाता जाता तो म्हणायचा, "चष्मा जरा तिरका दिसतोय," आणि चष्मा काढून, फुंकर मारून, मऊ फडक्याने पुसून परत घालायचा. चष्मा तिरका नसायचा. तिरका नसलेला चष्मा रोज सरळ करून घ्यायला ती दोन थांबे आधी उतरायला लागली होती.

ती काम करायची त्या छापखान्यात मात्र गवगवा झाला. तिथे डायऱ्या आणि कॅलेंडरं छापली जायची. वर्षातली प्रत्येक तारीख आधी तिच्या डोळ्यांखालून जायची आणि मगच जगात यायची. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर बोलत होती – "अहो, पण तीस तारीख जवळ आली... अहो, असं काय करता... बरं, अहो, अंगठ्याला शेक द्या."

बाइंडिंगवाल्या काकांनी डबा खाली ठेवला. "हे 'अहो' कोण?"

"टाइमशेअरचे आहेत काका. विकणारे."

"एका फोनात सात वेळा? तुझी काकू मला वर्षभरात एवढं म्हणत नाही."

"सही देत नाहीत हो ते."

"देईल कशाला? दिली की तू यायची बंद." काकांनी पोळीचा घास घेतला. "पोरगा हुशार आहे. बाइंडिंगमध्ये घेतला असता."

ती दिवसभर त्याच विचारात होती. एका ओळीत 'मार्च' दोनदा आला, तो तिने तसाच जाऊ दिला. मशीनवर चढण्याआधी काकांनीच पकडला. संध्याकाळी ती दुकानात शिरली ती सरळ बोलायचं ठरवूनच. तारीख अठ्ठावीस होती.

"मी येत राहावं म्हणून लांबवताय ना तुम्ही?"

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "नाही."

एवढं सरळ उत्तर त्याने पहिल्यांदाच दिलं होतं. "नाही. बरं." तिने कागद पर्समध्ये घालायला घेतले.

"म्हणजे... ते आहे," तो घाईने म्हणाला. "पहिल्या दिवसापासून आहे. पण लांबवायचं कारण ते नाही."

"मग काय आहे?"

तो दाराकडे गेला, दुकान बंद असल्याची पाटी फिरवली आणि परत आला. "डोळे शेवटचे कधी तपासलेत?"

"अहो, माझी आई टोपी घालून पंख्याखाली उभी आहे आणि तुम्हाला—"

"पाच मिनिटं. बसा ना."

ती बसली. त्याने तिचा चष्मा काढून काचा बदलायची ती जड, गोल फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि एकेक काच टाकत गेला. "ही बरी की ही?... ही की ही?" त्याचा आवाज फार जवळून येत होता. तिला दोन्ही बऱ्या वाटत होत्या. तिला त्या क्षणी भिंतही बरी वाटली असती.

"आता जवळचं," तो म्हणाला. वाचायला देतात ते कार्ड त्याने घेतलं नाही. त्याने खण उघडला आणि एक जुनं, पिवळं पडलेलं करारपत्र तिच्या हातात दिलं. त्याच्या मामाचं मूळ करारपत्र. "सातवं पान. सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ. मोठ्याने."

तिने वाचलं. "'सदर हक्क... वर्षातील आठवडा क्रमांक त्रेपन्नपुरता राहील. ज्या वर्षी... त्रेपन्नावा आठवडा येत नाही, त्या वर्षी... हक्क लागू होणार नाही.'"

तिने ती ओळ तीनदा वाचली.

त्रेपन्न हा खोलीचा नंबर नव्हता.

तिला हिशेब करायला पाचच सेकंदं लागली, कारण तो तिचा धंदाच होता. बावन्न आठवड्यांचे तीनशे चौसष्ट दिवस. उरलेला एखाददुसरा दिवस साठत जातो, साठत जातो, आणि पाच-सहा वर्षांनी त्याचा एक अख्खा जादा आठवडा होतो. गेल्याच वर्षी झाला होता. त्या डायरीचं प्रूफ तिनेच वाचलं होतं, आणि त्या पानावर बरोबरची खूणही तिनेच केली होती.

"पुढचा पाच वर्षांनी," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी म्हणजे... अख्ख्या गावाची कॅलेंडरं तपासते."

"मामालासुद्धा घेताना कळलं नव्हतं. बारा वर्षांत दोनदा गेला. दोन्ही वेळा अवकाळी पाऊस होता."

"तुम्ही सात आठवडे गप्प बसलात."

त्याने स्वतःचा चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो फार लहान दिसत होता. "बाबा गेल्यावर मामाने मला सांभाळलं. काच घासायला त्यानेच शिकवलं. त्याने शब्द घेतला की घेणाऱ्या बाईंना यातलं एक अक्षर सांगायचं नाही. मी दिला. मग फोनवर तुम्ही आईचं सांगितलंत, आणि... सही होईना. वाटलं, कंटाळाल, वैतागाल, दुसरीकडे घ्याल. तुम्ही कंटाळतच नाही." त्याने चष्मा फडक्याने पुसला. "मग तुम्ही दुकानात आलात. मग तर तुम्ही कंटाळावं असं मलाच वाटेना."

"आणि आता शब्द मोडलात."

"नाही. मी कुठे काही सांगितलं? तुम्ही वाचलंत."

तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि नाकावरच्या त्या जड फ्रेममुळे दोन्हीपैकी काहीच धड करता येत नव्हतं. तिने विक्रीचे कागद मधोमध फाडले, व्यवस्थित, दुमडीवरून. मग फ्रेम काढून त्याच्या हातात दिली आणि आपला चष्मा घालून घरी गेली.

आईने सगळं ऐकून घेतलं. टोपी डोक्यावरच होती.

"चूक माझी आहे," मुलगी म्हणाली. "तुला शब्द दिला होता मी. त्रेपन्न नंबरची खोली."

"खोली कुणाला हवी होती गं," आई म्हणाली. "मला समुद्राच्या आवाजात झोपायचं होतं. एकतीस वर्षं बेल वाजली की उठतेय. लाटा वाजल्या तर मी उठणार नाही, एवढंच बघायचंय मला." मग जरा वेळाने, "म्हणजे तो मुलगा सात आठवडे तुला फसवायचं टाळत बसला होता?"

"हो."

"एवढे कष्ट तर लोक फसवायलाही घेत नाहीत. ये म्हणावं त्याला. माझ्या पिशव्या जड आहेत."

समुद्रकाठी एक साधं लॉज शोधायला अकरा मिनिटं लागली. खोली पहिल्या मजल्यावर, पडदे पिवळे, आणि समुद्र अगदी समोर नाही, पण ऐकू यायचा.

आई निवृत्त झाली आणि दोघी तिथे राहायला गेल्या. तो रविवारी आला, दुकान बंद ठेवून, पहिल्या बसने. आई खालच्या अंगणात आरामखुर्चीत झोपली होती. तिसरा दिवस होता आणि ती जेवणापुरतीच जागी व्हायची. ती दोघं अंगणाच्या कठड्यावर बसली. वारा खारट होता आणि दोघांच्याही काचा धुरकटल्या होत्या, त्यामुळे एकमेकांकडे बघायला जरा धीर येत होता.

"मामा काय म्हणाले?"

"दीड महिना बोलत नव्हता. काल फोन आला. विचारत होता, त्या बाईंच्या ओळखीत न वाचणारं आणखी कुणी आहे का."

ती हसली. आपला हात कठड्यावर त्याच्या हाताशेजारी आहे हे तिला ठाऊक होतं. त्यालाही असावं, कारण तो हात अजिबात हलवत नव्हता.

"मला एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "पण घाई नाही. तुम्ही विचार करा... महिना घ्या, दोन महिने घ्या, माझं काही—"

"हो."

"...काय, हो?"

"उत्तर. हो."

"पण मी अजून विचारलं नाही."

"मग विचार ना. मी कुठे जातेय?"

'विचारा' नाही, 'विचार'. ते त्याच्या लक्षात यायला एक अख्खी लाट यावी लागली. मग त्याचे ते पुढे आलेले कान हळूहळू लाल झाले. त्याने तोंड उघडलं, मिटलं, समुद्राकडे पाहिलं.

"अरे विचार रे बाबा," खुर्चीतून, डोळे न उघडता, आई म्हणाली. "मला परत झोपायचंय."

त्याने विचारलं. हळू आवाजात, एका दमात, तिला 'तू' म्हणून. आणि उत्तर आधीच मिळालेलं असूनही तो श्वास धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिला, तेव्हा तिने ते त्याला पुन्हा दिलं.