डाव्या स्पीकरची वायर

खरं तर मला त्या दिवशी दुसऱ्याच दुकानात जायचं होतं. पण आमच्या तमिळ ऐप्पसी महिन्याची, ऐन पावसाळ्यातली झड लागली होती. रिची स्ट्रीटवर घोटाभर पाणी, त्या दुकानाचं शटर खाली, आणि माझी छत्री तर माउंट रोडलाच उलटून मोडलेली. म्हणून समोर जे दुकान उघडं दिसलं त्यात शिरले.

"अण्णा, हे सगळं आहे का तुमच्याकडे?" भिजलेली यादी मी काउंटरवर पसरली.

परक्या पुरुषाला आमच्याकडे पोरी अण्णाच म्हणतात. रिक्षावाला असो, दुकानदार असो, एकदा भाऊ म्हटलं की कुणी वाकडं बघत नाही.

यादी वाचता वाचता तो मिशीत हसला. "पासष्ट इंची फोर-के टीव्ही, फाइव्ह पॉइंट वन होम थिएटर, बारा हजार वॅट... लग्न ठरलंय वाटतं?"

"कसं ओळखलंत?"

"स्वतःसाठी घेणारा माणूस बारा हजार वॅट लिहीत नाही मॅडम. ही सासूबाईंची यादी."

मी हसले. लग्न ठरल्यापासून दोन महिन्यांत पहिल्यांदाच. होणारा नवरा सेंदिल मस्कतला होता. फोनवर तीनदा बोलला, त्यात दोनदा टीव्हीबद्दलच. वडील गेल्यापासून घर माझ्या थोरल्या भावाच्या, कदिर अण्णाच्या खांद्यावर. तो बंदरात क्रेन चालवायचा आणि माझं लग्न झाल्याशिवाय स्वतःचं करायचं नाही, असं ठरवून छत्तिशीला पोचला होता. मुलाच्या घरी लग्नाआधी पाठवायचं सामान, म्हणजे आमचं सीर, त्यात बोट ठेवायला जागा नको, हा त्याचा हट्ट. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून बालवाडीतली बाई असलेली मी वही-पेन घेऊन निघाले होते. कुणी फसवू नये एवढंच.

"बारा हजार वॅट म्हणजे काय?" मी वही उघडली.

"मरायच्या आधी स्पीकर एकदाच किंचाळतो ना, तो आकडा. रोज न थकता किती गाईल, त्याला आरएमएस म्हणतात. तो विचारायचा."

"आणि फाइव्ह पॉइंट वन?"

"पाच तोंडं, एक पोट. पोट म्हणजे सबवूफर... धडधड तिथून येते."

"मधलं तोंड कशाला?"

"बोलायला. सिनेमातलं बोलणं सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. लोक नेमका तोच हलका घेतात आणि मग म्हणतात, ती काय बोलतेय ते ऐकूच येत नाही." तो थांबला. "तुम्ही तसं करू नका."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुन्हा गेले.

"ओहम कळला नाही."

"काल तर लिहून घेतलात."

"माझं अक्षर मलाच लागेना."

त्यानं वही स्वतःकडे वळवली. मोत्यासारखं अक्षर पाहिलं आणि ती परत दिली. माझे कान तापले.

"ओहम म्हणजे अडवणूक," तो म्हणाला. "स्पीकर विजेला किती अडवतो ते माप. फार कमी अडवलं तर ॲम्प्लिफायर तापतो."

"आणि जास्त अडवलं तर?"

"आवाज बारीक होतो... पण येतो."

तिसऱ्या दिवशी निमित्तसुद्धा नव्हतं. त्यानं दोन टंबलर फिल्टर कॉफी मागवली आणि मला दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये खुर्ची दिली. गाणं लागलं तशी गाणारी बाई समोर उभी आहे असं वाटायला लागलं, जिथं काहीच नव्हतं तिथं.

"छान आहे, अण्णा."

"अण्णा नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"इळंगो. आईबापांनी ठेवलंय नाव, वापरायला हरकत नाही."

मी एकदाच म्हटलं, हळूच. मग नवी छत्री न उघडताच बाहेर पडले.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत एचडीएमआय झालं, पिक्सेल झाले, फेज झाली. बाहेर पाऊस आणि आत आम्ही... दोघांनाही लग्नाची तारीख पाठ होती. मार्गळी महिन्यात आमच्याकडे लग्नं होत नाहीत, तो लागायच्या आत उरकायचं होतं.

"आता बदलता नाही येणार?" एके दिवशी त्यानं विचारलं.

"टीव्ही?"

"टीव्ही नाही."

"माझा भाऊ छत्तीस वर्षांचा आहे, इळंगो," मी म्हणाले. त्याला कळलं. त्यानं कॉफीचे टंबलर उचलून आत नेले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

सीर पाठवायचा दिवस उजाडला. अकरा ताटं, खोक्यांवर हळदकुंकू, आणि जोडणी करायला दुकानाकडून अर्थात इळंगोच. लग्नाआधी मुलीनं सासरचा उंबरा ओलांडायचा नसतो. पण होणाऱ्या सासूबाईंचा, अत्तैंचा, निरोप आला होता, "तिनंच घेतलंय, तर बटणं तिनंच समजावावीत." म्हणून तांबरमच्या त्या घराच्या व्हरांड्यात, खिडकीच्या गजांशी, माझ्यासाठी खुर्ची टाकली होती. आत अण्णा, अत्तै, चार नातेवाईक आणि वायरींत बसलेला इळंगो. त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

गाणं लागलं. आतले सगळे वा वा म्हणाले. मला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ढोलाचा दम गेला होता, गळा पोकळ झाला होता, बाई कुठून गातेय तेच कळेना. मग लक्षात आलं. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली होती. मग एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि दोघं मिळून आवाज खाऊन टाकतात. "ही चूक शिकाऊ करतात, नाहीतर पिऊन आलेले," असं त्यानंच मला सांगितलं होतं. आणि दोनशे घरं जोडलेल्या माणसाकडून आज ती झाली होती. त्याच्या मनाची काय अवस्था असेल ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं आणि माझे डोळे भरून आले.

गप्प बसायला हवं होतं. पण उद्या कुणी म्हटलं असतं, पोरीच्या भावानं टाकाऊ माल दिला.

"इळंगो," मी गजांतून म्हणाले, "डाव्या स्पीकरची वायर उलटी लागलीय."

गाणं बंद झालं. वायरीचं कुणालाच काही नव्हतं. मी नाव घेतलं होतं, बिनअण्णाचं.

अत्तै दारात आल्या. "काय म्हणालीस? नावानं हाक मारलीस? कोण लागतो गं हा तुझा?"

"कोण लागणार, अहो!" कदिर अण्णा हात जोडून मध्ये पडला. त्याच्या कपाळावर घाम होता. "भावासारखा आहे. वडिवु, सांग ना त्यांना. अण्णासारखा आहे म्हण."

एका शब्दाचं काम होतं. इळंगो मान खाली घालून बसला होता. मी तो शब्द म्हटला असता तर त्यानं तोही मुकाट्यानं घेतला असता. अण्णाच्या कानशिलावरचे पांढरे केस मला दिसत होते.

"अण्णा... मला माफ कर," मी म्हणाले. "तो मला भाऊ नाही. माझं... माझं प्रेम आहे त्याच्यावर."

अत्तैंनी हळदीचं ताट पायानं सारलं. "उचला हे सगळं! बाप नसलेल्या पोरी अशाच निघतात. वळण लावायला कोण होतं?"

तोवर अण्णाचे हात जोडलेलेच होते. ते त्यानं खाली घेतले. माझ्याकडे पाहिलं नाही. टीव्हीमागे जाऊन तो इळंगोशेजारी उकिडवा बसला. त्या जंजाळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

"कुठली आधी काढायची?" त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

इळंगोनं मान वर केली. मग तो म्हणाला, "आधी मेन स्विच बंद करा, अण्णा. मग सांगतो."

अण्णानं उठून स्विच बंद केला. दोघांनी मिळून टीव्ही भिंतीवरून खाली उतरवला. मी व्हरांड्यात उभी राहून रडत होते.