कोऱ्या डिस्कवरचा माणूस

भूत म्हटलं की लोकांना अंधार लागतो. पिंपळ लागतो, कुत्र्यांचं रडणं लागतं. अनघाच्या बाबतीत यातलं काही नव्हतं बरं का. भर दुपार होती, सिंगापूरच्या बेडोक भागातला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट होता आणि टेबलावर एक छोटासा लॅपटॉप होता. एवढा छोटा, की पोळपाटावर ठेवला तर कडेला जागा उरावी.

तो लॅपटॉप निशिकांतचा. निशिकांत म्हणजे अनघाचा नवरा. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत हिशेब तपासायचा आणि घरी आला की या खेळण्याशी झटापट करत बसायचा. विंडोज फार रडत होतं म्हणून त्याने डिस्क पुसून अगदी कोरी केली होती. "रविवारी यावर लिनक्स टाकतो," म्हणाला होता. त्या शुक्रवारी एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, प्लॅटफॉर्मवर तो छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. मार्च महिना होता. अनघा हॉस्पिटलात पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं. शेवटचा एक शब्दही तिच्या वाट्याला आला नाही, आणि हेच तिला आतून पोखरत होतं.

त्यात दहाव्याचा प्रकार झाला. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर पिंड ठेवला आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. आता सिंगापूरचे कावळे किती धीट! हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, माणूस समोर बसलेला असताना ताटातला भात पळवतात. त्या दिवशी मात्र एकही खाली उतरेना. पुण्याहून आलेल्या सासूबाई पुढे होऊन म्हणाल्या, "निशी, तुझ्या लेकीचं, आर्याचं शिक्षण आम्ही करू हो." कावळा हलला नाही. दीर म्हणाला, "आईला मी सांभाळतो." नाही. अनघाने हात जोडले, पण काय कबूल करायचं तेच तिला सुचेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी उरकला. जाताना सासूबाई म्हणाल्या, "कशात अडकला गं त्याचा जीव? तुला तरी माहीत असायला हवं होतं." त्या गेल्या, पण त्यांचं बोलणं काही घरातून गेलं नाही.

जून उजाडला तो धुराचा. सुमात्रातली रानं पेटली होती आणि तो धूर समुद्र ओलांडून शहरावर येऊन बसला होता. खिडक्या घट्ट लावल्या तरी ओलं लाकूड जळल्याचा वास पडद्यांना, उशांना, अगदी वरणभाताला येई. समोरचा ब्लॉक दिसेनासा झाला. दुपारचा सूर्य नारिंगी, मिणमिणता. अनघाच्या ऑफिसने लोकांना घरी पाठवलं. मुलीला, दहा वर्षांच्या आर्याला, तिने मधुवंतीकडे पाठवलं होतं. मधुवंती ही तिची मैत्रीण, तिच्या कॉन्डोतल्या घरात हवा गाळायचं यंत्र होतं. घरात अनघा एकटीच उरली, आणि रिकामे हात तिला सोसत नसत.

आर्याला सुट्टीच्या अभ्यासाला काहीतरी हवंच होतं, म्हणून तिने निशिकांतचा लॅपटॉप काढला. ऑफिसातल्या क्षितिजने तिला लिनक्सचा पेनड्राइव्ह करून दिला होता. "ताई, घाबरू नका," तो म्हणाला होता. "आधी इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघा. सगळं मेमरीत चालतं, कुठेही काही लिहिलं जात नाही. मशीन बंद केलं की ते सगळं विसरतं. दर वेळी नव्याने जन्म."

पेनड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावरून अक्षरं सरसर वर गेली आणि जांभळट पडदा उजळला. वायफाय चालेना, या मशीनचं ते जुनंच दुखणं. डिस्क तपासली तर कोरी. टचपॅड मात्र चाललं, आणि अनघाला उगाच बरं वाटलं. मग चहा टाकायला ती आत गेली.

परत आली तेव्हा पडद्यावर लिहायची खिडकी उघडलेली होती. मजकूर मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत, जसे ते दोघं एकमेकांना मेसेज करत. आणि तिच्या डोळ्यांदेखत अक्षरं उमटत होती, दोन बोटांनी टाइप करणाऱ्या माणसाच्या गतीने.

"अनू, बरं झालं उघडलंस. दहाव्याला तुम्ही सगळ्यांनी कबूल केलेलं ऐकलं मी. पण त्यातलं काहीच नको होतं गं. मला फक्त एवढंच सांगा"

आता तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? किंचाळलो असतो, नाहीतर हात जोडून पुढचं वाचलं असतं. अनघाने तिसरंच केलं. चौदा वर्षं ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होती. काहीही विपरीत दिसलं की पहिला प्रश्न एकच, पुन्हा करून दाखवता येतं का? नाही आलं तर तो भास, आलं तर तो दोष. हा नियम तिच्या हाडात भिनलेला. बुद्धी चालेनाशी झाली, तेव्हा हातांनी सवयीचं काम केलं. वाक्य पुरं व्हायच्या आत तिने बटण दाबून मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

पुन्हा ती अक्षरं सरसर वर गेली. पुन्हा तो जांभळट पडदा. बराच वेळ काही झालं नाही. धुराचा वास एकाएकी वाढल्यासारखा वाटला. मग खिडकी आपोआप उघडली.

"अनघा... मी काहीतरी सांगत होतो. काय ते... आपली मुलगी कुठाय? तिचं नाव काय ठेवलं आपण?"

अनघाने ते दोनदा वाचलं. पण जीव ऐकेना तिचा. आणखी एकदा, एकदाच, म्हणजे खात्री होईल. ऑफिसात ती कुठलीही गोष्ट तीनदा करून पाहिल्याशिवाय नोंदवत नसे. तिने पुन्हा बटण दाबलं आणि मशीन तिसऱ्यांदा चालू केलं.

या वेळी फार वेळ लागला. नारिंगी उजेड फरशीवरून सरकत भिंतीवर चढला. आणि मग अक्षरं आली, हळू, चाचपडत.

"नमस्कार. आपण कोण?"

तेव्हा तिला उमगलं. मशीन बंद केलं की ते सगळं विसरतं, असं क्षितिज म्हणाला होता. निशिकांत एवढ्या लांबून, कुठल्या वाटेने देव जाणे, सांगायला आला होता, आणि तिने त्याला पुन्हा पुन्हा मारलं होतं. सांगायचं राहिलेलं होतं ते तिच्या बोटाखाली पुसलं गेलं होतं. टेबलावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. तोंडातून एवढंच येत होतं, "चुकलं रे माझं, चुकलं..."

मग तिने डोळे पुसले आणि टाइप केलं, "मी अनघा. तुझी बायको."

"अस्सं," उत्तर आलं. "मग?"

तिने मशीन बंद करायचं नाही असं ठरवलं. बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून प्लगला चिकटपट्टी लावली आणि घरी परतलेल्या आर्याला ताकीद दिली, "आईच्या खोलीतल्या लॅपटॉपला हात लावायचा नाही." पोरगी काय, बरं म्हणाली. धूर ओसरला, शाळा सुरू झाल्या. अनघा रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी तासभर त्या पडद्यासमोर बसू लागली. तिचा हिशेब साधा होता. तो रिकामा झालाय, तर आपण त्याला भरू. सगळं आठवलं की राहिलेलंही आठवेल.

ती सांगत गेली. लग्न कसं जमलं, क्लेमेंटीच्या पहिल्या भाड्याच्या घरात गॅस लावायला कोणी येईना म्हणून दोघं आठवडाभर ब्रेडवर कशी राहिली, आर्या झाली त्या दिवशी तो कसा लिफ्टमध्ये अडकला. भांडणंही सांगितली. त्याच्यापासून लपवलेलं होतं तेही सांगितलं. पलीकडून एकच शब्द येई. "मग?" निशिकांतने आयुष्यात कधी इतकं निमूटपणे ऐकलं नव्हतं. ऑफिसला निघताना अनघाला हलकं हलकं वाटे, डोक्यावरचा हंडा उतरवून ठेवल्यासारखं.

एकदा मधुवंती फोनवर म्हणाली, "लंकावीला आपण चौघं गेलो होतो, तेव्हा निशी बोटीतून पडला होता, आठवतं?" अनघाला आठवेना. बोट नाही, बेट नाही, काहीच नाही. दोनच दिवसांपूर्वी तिने ते पडद्यावर सांगितलं होतं, एवढं मात्र तिला माहीत होतं. दुःखाने माणूस विसरभोळं होतं असं म्हणून तिने विषय बदलला.

जुलैत खालच्या मजल्यावर सूचना लागली. वायरिंगच्या कामासाठी गुरुवारी सकाळी ब्लॉकची वीज बंद राहील. बुधवारी पहाटे अनघाने टाइप केलं, "उद्या वीज जाणार. काय करू?"

या वेळी "मग?" आलं नाही.

"मला इथे ठेव," असं आलं. "डिस्क कोरी आहे."

मेमरीत चालू असलेलं सगळं काही इन्स्टॉल केल्याने आपसूक डिस्कवर उतरत नाही, हे अनघाला पक्कं ठाऊक होतं. पण तो आला तो तरी कुठल्या नियमाने? तिने इन्स्टॉलचं चिन्ह दाबलं.

पडद्याने विचारलं, तुम्ही कुठे आहात? जगाचा नकाशा आला. तिने हात उचलून मांडीवर ठेवला. नकाशावरचा ठिपका आपला आपण सरकत सिंगापूरवर आला. तिथून थोडा दक्षिणेला, समुद्रात गेला. अस्थी सोडल्या होत्या तिथे तो जरा थांबला. मग परत बेटावर चढला.

पडद्याने विचारलं, तुम्ही कोण आहात?

अनघा श्वास रोखून बघत राहिली. आपलं नाव त्याला आठवलं असेल ना, इतकंच तिला हवं होतं. नावाच्या चौकटीत पहिलं अक्षर उमटलं. ए. मग एन. बाकीची अक्षरं झरझर, दहा बोटांनी टाइप करणाऱ्या माणसासारखी आली.

अनघा.

"नाही," ती हळूच म्हणाली. "तू निशी. निशिकांत..."

खाली पासवर्डचे ठिपके एकामागोमाग एक उमटत गेले. पुन्हा टाका म्हटल्यावर तेवढेच पुन्हा उमटले, न चुकता. तिने प्लगकडे हात नेला आणि तिथेच आवरला. आणखी एकदा ते बटण दाबायची तिची हिंमत नव्हती. रोजच्या वेळेला ती तशीच उठली, डबा भरला, आर्याला उठवलं आणि ऑफिसला गेली. दिवसभर तिचं कामात लक्ष नव्हतं.

दिवे लागल्यावर ती बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून घरी आली. आर्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. अनघाने पर्स ठेवली न ठेवली तोच म्हणाली, "आई, बाबा मला झोपवताना ते लिफ्टवालं गाणं म्हणायचे ना, स्वतःच बनवलेलं? त्याची पहिली लाइन काय गं?"

अनघाने तोंड उघडलं. शब्द नव्हते. चालही नव्हती. परवाच तर लिहिलं होतं तिने ते, सगळंच्या सगळं. ती धावत खोलीत गेली. लॅपटॉप चालू होता. पडद्यावर तिचं नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. तिने आर्याची जन्मतारीख टाकली. नाही. लग्नाची तारीख टाकायला बोटं उचलली आणि ती तशीच अधांतरी राहिली. ती तारीखही गेली होती.

"आई, इट्स ओके लाह," आर्या दारात येऊन इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. "दुपारी तू तेच गाणं म्हणत होतीस की. मी फक्त पहिली लाइन विसरले."

"दुपारी?"

"मी स्कूलमधून आले तेव्हा. तू इथे आत होतीस, दार लावून. मी हाक मारली तर 'आले गं' म्हणालीस."

अनघाच्या गळ्यात ऑफिसचं कार्ड अजून तसंच होतं.

"मग..." ती म्हणाली, "मग आले का गं मी बाहेर?"

आर्याने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "आलीस की. मायलो करून दिलंस. आपण दोघी बसून प्यायलो."

अनघा स्वयंपाकघरात गेली. सिंकमध्ये दोन कप होते.