सतरा दुरुस्त्या

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी छापखान्यात नव्या पुस्तकाची पहिली प्रत उघडली गेली. साडेनऊला मालकांनी मुद्रितशोधक बाईंपुढे त्यांच्याच राजीनाम्याचं तयार पत्र ठेवलं. शेवटची ओळ होती, ‘चूक सर्वस्वी माझी आहे.’ बाईंनी सही करायला नकार दिला.

अकराला मालकांनी खासगी तपास करणाऱ्या वहिनींना बोलावलं. सोबत त्यांचा धाकटा दीर होता. गाडी तो चालवायचा आणि घाईही तोच करायचा.

पुस्तक इंग्रजीतल्या नेहमीच्या चुकांचं. एका पानावर अनेकवचनाची वीस चुकीची वाक्यं, समोरच्या पानावर तीच दुरुस्त करून. पण चुकांच्या पानावर फक्त वरची तीन वाक्यं चुकीची उरली होती: ‘फर्निचर्स’, ‘लगेजेस’, ‘इन्फर्मेशन्स’. खालची सतरा अगदी शुद्ध.

"चुकांच्या पुस्तकातून चुकाच पळाल्या?" दीर हसला.

"हसा. दोन हजार प्रती रद्दीत चालल्यात," मालक म्हणाले. "लाल पेन्सिल बाईंच्याच टेबलावर असते."

अक्षरजुळणी करणारा वैतागलेला होता. "काल पाचला बाई सही करून गेल्या. आज सातला मी आलो, तर मालकांच्या वडिलांनी, आजोबांनी, कुलूप काढलेलंच होतं. मी ट्रेमधून पान घेतलं, खुणा होत्या तशा दुरुस्त्या केल्या. लाल खूण म्हणजे हुकूम. तिथं डोकं चालवायचं नाही."

"ते पान?"

"फाडलं. दुरुस्ती झाली की फाडायचंच. खालच्या ओळीची खूण तर सहीवरच चढलेली, सही कुणाची तेच कळेना."

खिडकीपाशी ते आजोबा बसले होते. छापखान्याचे पहिले मुद्रितशोधक. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर चष्म्याचं घर आडवं. ते हळूहळू वर सरकत होतं.

"आजोबा, सकाळी काही पाहिलंत?"

"नजर गेली, बाळ. मी आता काही वाचत नाही."

बाई ताठ बसल्या होत्या.

"एक पान वाचून दाखवाल?" वहिनींनी विचारलं.

बाईंनी पट्टी ठेवून वरचा मजकूर झाकला आणि शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली. "वरून वाचलं की डोळा गोष्टीत रमतो. चूक निसटते."

"कुणी शिकवलं?"

बाईंनी पट्टी एक ओळ वर सरकवली.

"झालं की!" दीर कुजबुजला. "खालच्या सतरा दुरुस्त, वरच्या तीन तशाच. खालून वर वाचणाऱ्या बाईच."

"भावोजी, गाडी जपून चालवता तसं डोकंही चालवा जरा. सगळ्यांना आत बोलवा."

सगळे जमले.

"खुणा करणारा खालून वर आला," वहिनी म्हणाल्या. "वरचा मजकूर झाकलेला, म्हणून ‘चुकीची वाक्यं’ हे शीर्षक त्याला दिसलंच नाही. तीन ओळी उरल्या असताना सात वाजले, जुळणी करणारा आला आणि पान तसंच ट्रेमध्ये परत गेलं. वाचायची ही रीत बाईंची, खरं. पण बाई सही करतात वाचून झाल्यावर. आणि लाल खूण सहीवर चढलेली होती. म्हणजे ती नंतरची. सातच्या आधी आत एकच माणूस होता. वाचत नाही म्हणणारा, आणि वर्तमानपत्रावर चष्म्याचं घर खालून वर सरकवणारा."

सगळ्यांच्या नजरा आजोबांकडे वळल्या.

"छापलेलं पान बघताच मला कळलं होतं," बाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?" मालक ओरडले.

"ज्यांनी हातात पेन्सिल दिली, त्यांच्याकडेच बोट दाखवू?"

आजोबांनी चष्मा पुसला. "सवय. ट्रेमध्ये पान दिसलं, हात गेला. पुस्तक उघडून तू ओरडलास तेव्हा उमगलं. बेचाळीस वर्षांत एक चूक नाही माझी, तोंडच उघडेना." मग बाईंकडे वळून हळूच विचारलं, "त्या सतरांत माझ्याकडून काही राहिलं?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती, डोळे भरलेले. "सतराच्या सतरा अचूक, सर. तेही या नजरेनं."

संध्याकाळी पाचपर्यंतची माहिती अशी: पत्रावर सही नाही, मालकांनी ते फाडलेलंही नाही. आजोबांनी ते मागून घेतलंय. चष्म्याचं घर आडवं ठेवून ते शेवटच्या ओळीपासून वाचतायत. लाल पेन्सिल हातात आहे.