दादाच्या नावापुढची खूण

"तू शेवटचा कधी रडलास?"

हा प्रश्न माझा नव्हता हं! मैत्रिणींनी पैज लावली होती. कॉम्प्युटर लॅबमध्ये शेवटच्या रांगेत, भिंतीकडे तोंड करून एक मुलगा बसतो. अख्खा वर्ग त्याला कासव म्हणतो. त्याला जाऊन हे विचारायचं आणि उत्तर घेतल्याशिवाय परत यायचं नाही, अशी पैज.

"तुझ्याच्यानं होणार नाही," आमच्यातली चष्मिश म्हणाली होती. "हल्ली तू आमच्याशी तरी धड बोलतेस का?"

खरंच होतं ते. दादा गेल्यापासून मी वर्गात फक्त हजेरीपुरती असायचे. पण त्या दुपारी काय अंगात आलं कोण जाणे… उठले आणि सरळ चालत गेले.

कासवानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागे एकमेकींना चिमटे काढत उभ्या असलेल्या टोळक्याकडे.

"काल," तो म्हणाला. "अपडेट टाकलं आणि लॅपटॉपचा आवाजच गेला."

"आणि त्यासाठी रडलास?"

"डोळ्यांत पाणी आलं. ते धरायचं का?"

मी हसले. फस्सकन, नाकातून! इतक्या महिन्यांनी हसले की माझं मलाच दचकायला झालं. तोही जरा गोंधळला. कानाच्या पाळ्या लाल… आणि मग ओठांच्या एकाच कोपऱ्यातून तो असा काही हसला की पैज जिंकल्याचं सांगायला परत जायचं मी विसरूनच गेले.

कारण तेवढ्यात माझी नजर त्याच्या स्क्रीनवर गेली होती. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि बाजूला एक फोन. खरा नाही, कॉम्प्युटरच्या आत चालणारा खोटा फोन.

"हा… हा तुझ्याकडे चालतो?"

"एम्युलेटर? हो. का?"

"माझ्या दादाच्या लॅपटॉपवर आहे. त्याच्या आत त्यानं केलेला गेम आहे. पण मी सुरू केला की म्हणतो, परमिशन डिनाइड."

तो खुर्ची फिरवून पूर्ण माझ्याकडे वळला. "लिनक्स आहे? आणि तू तुझ्या वेगळ्या अकाउंटवरून चालवतेस?"

"हो. दादानं मला करून दिलं होतं. त्याचं त्याला, माझं मला."

"मग सोपं आहे. खोटा फोन चालवायला प्रोसेसरची एक खास सोय लागते. ती वापरायची मुभा फक्त एका गटातल्या लोकांना असते. तुझा दादा त्या गटात आहे, तू नाहीस. दादाला सांग, एका ओळीची आज्ञा आहे, तो…"

आणि तो थांबला. आठवलं असावं त्याला. शाळेत सगळ्यांनाच माहीत होतं.

"सॉरी," तो म्हणाला. "मी येऊन बघू का?"

आमच्या घरात पुढच्या खोलीत बाबांचं शिवणकाम आणि मागच्या खोलीत दादाचं टेबल. बाबा शिंपी आहेत. तोंडात टाचण्या असल्या की ते बोलत नाहीत, आणि हल्ली त्यांच्या तोंडात सतत टाचण्या असतात. दादा गेला त्या दिवशी त्यांनीच त्याला स्कूटरवरून निळ्या दोऱ्याची रिळं आणायला पाठवलं होतं. निळं कापड आता ते शिवायलाच घेत नाहीत.

दादा उठताना मला म्हणाला होता, "चिमणे, गेमचा शेवटचा टप्पा राहिलाय. आलो की दाखवतो." लॅपटॉप तसाच चालू. आलोच म्हणून गेला.

आला नाही.

"कोण रे तू?" शाळा सुटल्यावर त्याला घेऊन घरी आले, तसं आईनं दारातच विचारलं.

"माझ्या वर्गातला आहे, आई. दादाचा गेम चालू करून देणार आहे."

"बघ. पण बंद करायचा नाही." हे तिनं मला नाही, त्याला सांगितलं. "चार्जर काढायचा नाही. झाकण लावायचं नाही."

"बरं, काकू."

मी त्याला पडदा दाखवला. लॉगिनच्या पानावर दोन नावं, दादाचं आणि माझं. दादाच्या नावापुढे बरोबरची एक बारकीशी खूण.

"ही खूण म्हणजे…" त्यानं हळूच सुरुवात केली.

"माहितीये. तो आत आहे."

लॉग-इन आहे, एवढाच खरा अर्थ. पण आई रोज झोपायच्या आधी येऊन ती खूण बघून जाते. ती असली की दिवा मालवते.

मी माझ्या अकाउंटमध्ये शिरले. कासवानं दोन ओळी टाइप केल्या, मान हलवली. "गटात घालायचा अधिकार तुझ्या अकाउंटला नाही. दादाचा पासवर्ड लागेल."

"अंदाज करून बघू?"

"बघ." आणि त्यानं चक्क भिंतीकडे तोंड केलं. वर दोन्ही तळहात डोळ्यांवर!

"अरे, हे काय?"

"पासवर्ड टाकताना बघायचं नसतं."

"पण मलाच माहीत नाहीये तो!"

"तरीपण."

मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. शर्टाची कॉलर एका बाजूनं उसवलेली, मानेवर शाईचा डाग… आणि दादाच्या गुपिताकडे पाठ करून इतक्या मनापासून उभा! ती कॉलर हातानं सरळ करावी असं माझ्या मनात आलं. अशा दिवसांत असं काही मनात यावं याची मला लाजच वाटली. पण आलं ते आलंच.

मी आमच्या जुन्या मांजरीचं नाव टाकलं. चूक. स्कूटरचा नंबर. चूक. शेवटी 'चिमणी' टाकलं.

चूक.

"झालं?" भिंतीनं विचारलं.

"नाही." माझा आवाज चिरकला. "मीसुद्धा नाहीये."

तो वळला, पण जवळ आला नाही. खिशातून चुरगळलेला रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता लॅपटॉपकडे बघू लागला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. बोटाचं पेर त्यानं की-बोर्डखालच्या पट्टीवर ठेवलं. ती मधून वर आली होती.

"हे कधीपासून?"

"काय?"

"बॅटरी फुगलीये. सतत चार्जिंगला लावून ठेवल्यानं होतं असं. मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात बघितलंय मी. हा आजच बंद करायला हवा… पेटूही शकतो."

मी दाराकडे पाहिलं. सुदैवानं आई आत होती. "चल, जिन्यात चल."

जिन्यात दुपारचं ऊन पायऱ्यांवरून घसरत खाली गेलं होतं. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. आम्ही एकाच पायरीवर बसलो, मध्ये एक दप्तर मावेल एवढी जागा सोडून.

"बंद केला की काय होईल?"

"बॅटरी काढता येईल. मग नुसत्या चार्जरवर रिकव्हरीतून, म्हणजे दुरुस्तीसाठी ठेवलेल्या खास वाटेनं सुरू केला, की दादाच्या पासवर्डशिवाय तुला गटात घालता येईल. खोटा फोन चालेल. त्यात जेवढा गेम असेल, तेवढा दिसेल."

"आणि दादानं जे उघडं ठेवलंय ते?"

त्यानं मान खाली घातली.

"शेवटचा टप्पा त्यानं सेव्हच केला नसेल तर?"

"खोटं सांगू की खरं?"

"खरं."

"मग तो जाईल. कायमचा. केला असेल तर कुठेही जात नाही. पण काय केलंय, ते बंद केल्याशिवाय कळणार नाही."

मला त्याचा इतका राग आला! आणि त्याच क्षणी इतकं हायसंही वाटलं. सगळे मला 'होईल सगळं नीट' असं सांगत होते. हा पहिलाच, जो 'जाईल' म्हणाला.

"आणि ती खूण?"

"तीही जाईल," तो पुटपुटला.

मी गुडघ्यांत डोकं घातलं. मग तो म्हणाला, "मघाशी तू विचारलंस ना… ते उत्तर खोटं होतं."

"कुठलं? अपडेटचं?"

"आवाज गेला होता, खरंच. पण रडलो नव्हतो." त्यानं बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "शाळेत तुझ्या दादासाठी सगळे उभे राहिलो होतो. तू पहिल्या बाकाशी होतीस. सगळ्यांनी डोळे मिटले होते आणि तू एकटीच उघडे ठेवून फळ्याकडे बघत होतीस. तेव्हा… रडलो."

"म्हणजे तूही डोळे मिटले नव्हतेस."

"नाही."

"माझ्याकडे बघत होतास."

"…आधीपासूनच बघतो."

मघाचं ऊन खालच्या पायरीवरून निघून गेलं. मी मधली जागा सरकून संपवली आणि त्याच्या बाहीचं टोक बोटांत धरलं. हात नाही, फक्त बाही. त्यानं श्वास रोखलेला मला ऐकू आला.

"कॉलर उसवलीये तुझी," मी म्हणाले. "बाबा शिवून देतील."

"बाबांच्या तोंडात टाचण्या आहेत गं. मला भीती वाटते."

"मलापण!"

आणि आम्ही दोघंही हसलो. माझे डोळे वाहत होते तरी हसलो. त्याचा रुमाल पार भिजला.

"मामाकडून स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो," तो उठत म्हणाला. "पण तुझ्या घरचे नाही म्हणाले तर?"

"तू ये."

तो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेला. कासव म्हणे!

मी घरात आले. मशीन चालू होतं. आई मागच्या खोलीच्या दारात उभी होती, दादाचा इस्त्री केलेला शर्ट घडी घालून हातात. तो अजूनही दर आठवड्याला इस्त्री होतो.

"झालं का काम? लागला गेम?" तिनं विचारलं.

"आई, इकडे ये. बाबा, मशीन थांबवा. प्लीज."

मशीन थांबलं. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तोंडातल्या टाचण्या एकेक काढून मशीनवरच्या टाचण्यांच्या बारक्या गादीला टोचल्या. सगळ्या.

"बोल, बाळा."

"लॅपटॉपची बॅटरी फुगलीये. तो असाही जाणारच आहे, आज नाही तर उद्या, आपण झोपलेलो असताना. आणि जाताना आणखी काय जाळून जाईल कुणास ठाऊक." आईनं शर्ट छातीशी धरला. मी तिच्याकडे बघतच बोलत राहिले, नाहीतर बोलताच आलं नसतं. "म्हणून मी ठरवलंय. दादाचा लॅपटॉप आज मी बंद करणार आहे. बटण मी दाबणार. तुम्ही दोघं माझ्या शेजारी बसायचं. ती खूण आपण तिघांनी मिळून बघायची, आणि मग दाबायचं. दादा गेला तेव्हा आपल्यातलं कुणीच त्याच्याजवळ नव्हतं. या वेळी मला जवळ असायचंय."

बाबांचा हात मशीनच्या चाकावर होता, तो तिथंच राहिला. आई मागे वळली, दादाच्या टेबलाशी गेली आणि भिंतीकडची दोन स्टुलं ओढून तिथं ठेवली. मग जरा थांबून तिसरं.

"चौथंही ठेव, आई. कासव परत येतोय," मी म्हणाले. "आणि तो मला आवडतो. तेही आत्ताच सांगून टाकते."