मेन्यूतली अकरा चित्रं

चष्मेवाल्याचा समजून तो भलताच जिना चढला आणि थेट सीडीवालीच्या पुढ्यात उभा राहिला. जुन्या डिस्कच्या प्रती काढून देणाऱ्या तिला सगळी गल्ली याच नावाने ओळखायची.

"चष्मे इथे नाही मिळत," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"दिसत असतं तर वर आला असतात का?"

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम तोच जिना चढला. शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर. हातात एकच डीव्हीडी. त्याचे वडील गात-गात देवाच्या गोष्टी सांगत, त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाची. डिस्कला डाग पडू लागले होते.

"माझ्या कोऱ्या डिस्कवर याच्या निम्मंच मावतं. काहीतरी कापावं लागेल."

"आवाजाला हात लावू नका."

"आवाजाला जागा लागते कितीशी, मास्तर? सगळी जागा चेहरा खातो."

तो खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. मी उशिरा गेलो, मागच्या दाराने... आणि संपायच्या आतच निघालो. पुढच्या आठवड्यात ते गेले. मी आलो होतो हे त्यांना कळलं की नाही, कोण जाणे."

तिने डिस्क लावली. सगळं एकदा नजरेखालून घातलं आणि सत्काराची भाषणं आधी कापायला घेतली.

"अध्यक्ष बावीस मिनिटं बोललेत. चित्र काढू की आवाज?"

"माणूसच काढा."

ती खुदकन हसली. मग मेन्यूची, म्हणजे डिस्क लावताच पडद्यावर येणाऱ्या यादीची, पाळी आली. यादीच्या मागे वडील गाताना दिसत, अर्धं मिनिट, पुन्हा पुन्हा. अशा हलत्या मेन्यूच्या जागी ती नेहमी एकच स्थिर चित्र ठेवायची. तेवढीच जागा वाचे.

"कुठलं ठेवू, तुम्हीच निवडा. तुमचाच विषय," म्हणत ती एकेक चित्र पुढे सरकवू लागली. सेकंदाला पंचवीस. मिटलेले डोळे. वर गेलेला हात... आणि गालावर उजेडाची एक रेघ.

तिचं बोट थबकलं. हा क्षण तिने मघाशीच पाहिला होता, पण कार्यक्रमात तेव्हा दुसऱ्या कॅमेऱ्याने श्रोते दाखवले होते — मागचं दार उघडतं, माना वळतात, आत येतो तो मास्तर. वडिलांचा त्या क्षणाचा चेहरा मात्र फक्त इथे होता, मेन्यूत.

तिने हलकेच पुढे सरकवलं. उजेड रुंदावला. डोळे उघडले, दूर दारापाशी पोचले... ओठ हसले. डोळे पुन्हा मिटले. अकरा चित्रं. अर्धा सेकंदही नाही.

तिने माउसवरचा हात अलगद काढून घेतला, जणू धक्का लागला तर ते हसू सांडेल. असे शेकडो मेन्यू तिने उडवले होते. त्यांतून काय काय गेलं असेल, देवा...

"बघितलं त्यांनी मला," तो म्हणाला.

ती म्हणाली, "मेन्यू असाच राहील. हलता."

"आणि जागा?"

"अध्यक्षांच्या सोबतीला पाहुणेही जातील."

प्रत तयार झाली, तरी तो उठेना.

"आईला दाखवायचंय. तुम्ही याल घरी? चित्र असं थांबवायला मला जमायचं नाही."

"रिमोटवर बटण असतं, मास्तर."

"माहीत आहे," तो कानापर्यंत लाल झाला. "बटणासाठी नव्हतो म्हणत. तुम्ही शेजारी बसून बघितलंत ना... तसंच पुढेही... म्हणजे, रोज —"

"रोज तेच बघायचं?"

"काहीही बघू. शेजारी तुम्ही हव्यात."

तिने संगणक बंद केला. पदर सारखा केला, उगीचच. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आईंना फोन करा. म्हणावं, आम्ही दोघं येतोय."