डावा थकलाय
दिवा राहू दे, पण त्या मोबाईलची टिवटिव बंद करा आधी. ज्याची गोष्ट आहे तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. धंद्यात थापा मारायचा, पण ही त्याने रडत सांगितली. पटली नाही तर उठून जा, मी कुणाचा हात धरणार नाही.

त्याला सगळे कानवाला म्हणायचे. महागडे जुने स्पीकर घ्यायचे-विकायचे असले की लोक याला बोलवायचे. हा बसायचा, डोकं तिरकं करून ऐकायचा आणि आकडा सांगायचा. तो सांगेल ती किंमत. शिकलेले लोक यंत्रं लावून मोजतात, ते हा नुसत्या कानाने मोजायचा.

आता गोम ऐका. वर्षापूर्वी त्याचा डावा कान गेला. एका सकाळी उठला तो ठार बहिरा. डॉक्टर म्हणाला, नस मेली, आता येत नाही. याने बायकोलाही सांगितलं नाही. कानवाल्याचा कान गेला म्हटल्यावर त्याला दारात कोण उभं करणार? उजव्या कानावर रेटत राहिला. आणि तसल्या माणसाला डावीकडचा स्पीकर कायम बारीकच वाटतो. मग हा मान हलवायचा, "डावा थकलाय," म्हणायचा आणि किंमत पाडायचा. भ्रम होता की लबाडी, ते तोच जाणे.

तर मार्चची सतरा तारीख, मंगळवार. एका म्हाताऱ्या बाईंचा निरोप आला. नवरा जाऊन दीड महिना झालेला, घर सोडून लेकीकडे जायचं होतं. सकाळी नऊला नवऱ्याच्या स्पीकरांचं गिऱ्हाईक येणार, आणि कानवाला लिहून देईल त्या आकड्याला सौदा. नवऱ्याने जन्माची कमाई त्या दोन खोक्यांत घातलेली. बाईंच्या हाताशी दुसरं काही नव्हतं.

हा मुद्दाम रात्री अकराला गेला. तेव्हा शेजारपाजारची यंत्रं बंद होतात, विजेची लाईन स्वच्छ होते, रस्ता गप्प होतो. असले स्पीकर ऐकायचे ते तेव्हाच.

माडीवरची खोली. खिडक्यांना जाड पडदे, खाली पाय रुतेल असा लोकरी गालिचा, समोर छातीएवढे दोन स्पीकर आणि बरोबर मधोमध एकच खुर्ची.

"ह्यांनी त्या खुर्चीवर मला कधी बसू दिलं नाही," बाई म्हणाल्या. "म्हणायचे, तुला भांड्यांचा आवाज पुरे." हसल्या, चहा ठेवला आणि खाली गेल्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी याने रेकॉर्ड लावली. एकटी बाई गाते, साथीला काही नाही. याने हजारदा ऐकलेली. स्पीकर चांगला असला की ती समोरच उभी राहते, गाण्याआधी ओठ उघडल्याचंसुद्धा कळतं. हे तसलेच होते. एका कानानेही याच्या अंगावर काटा आला. तरी सवयीचा गुलाम. मांडीवर कागद घेतला, 'डावा थकलाय' लिहिलं आणि खाली निम्मा आकडा टाकला.

तेवढ्यात गाणारीने श्वास घेतला. डाव्या कानात.

हा चमकला. कान परत आला, असंच वाटलं त्याला. डोळे भरून आले. धडपडत उठून रेकॉर्ड थांबवली. उजवा कान बोटाने दाबून डाव्यापाशी चुटकी वाजवली.

काही नाही.

परत वाजवली. काही नाही. कान मेलेलाच होता.

श्वास मात्र चालू होता.

जड, म्हाताऱ्या माणसाचा. अगदी जवळून. याने मान वळवली. कुणी नव्हतं. हा खुर्चीत बसला की पडला, त्यालाच आठवत नाही. मग... त्याच कानात... हळूच...

"वायरी बदल."

एक स्पीकर बारीक वाटला की हेच करतात. डावीची वायर उजवीला, उजवीची डावीला. बारीकपणा तिकडे गेला तर दोष यंत्रात. याने आयुष्यभर केलेलं काम. बदलल्या. रेकॉर्ड लावली. बसला.

बारीक डावाच.

"खुर्ची फिरव."

फिरवली. आता स्पीकर पाठीशी. मघाचा उजवा डावीकडे आला. तो तर खणखणीत वाजत होता...

आता तोच बारीक.

"दोष कुठेय?"

याने कागदाकडे बघितलं.

"आजवर किती जणांना 'डावा थकलाय' सांगितलंस?"

हा बोटं मोजायला लागला. एक हात संपला. दुसरा संपला... रेकॉर्डही संपली. सुई नुसती घासत होती. श्वास... थांबला होता. उत्तराची वाट बघत.

बाईंना याची हाक खालच्या खोलीत ऐकू आली. त्या वर आल्या तेव्हा हा कागद फाडत होता. डावा चांगला आहे, म्हणाला, दोन्ही चांगले आहेत, पुरी किंमत सांगा, एक पैसा सोडू नका. मेलाय तो माझा कान, वर्ष झालं. दुपारपर्यंत ही बातमी गावभर होईल आणि आपली चूल बंद पडेल, हे कळत होतं त्याला. तोंड थांबत नव्हतं.

बाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. गालिच्याकडे बघत होत्या.

याच्या स्वतःच्या पावलांचे ठसे लोकरीत केव्हाच भरून आले होते. चार ठसे तेवढे उरले होते. अनवाणी. खोल. दोन खुर्चीच्या या अंगाला, दोन त्या अंगाला. खुर्ची फिरवायच्या आधी याचा डावा कान होता तिथे, आणि नंतर होता तिथे. बोटं कानाकडे. मधे चालत गेल्याची एकही खूण नाही.

"काय म्हणाले हे, भाऊ?" बाईंनी विचारलं.

बाई खाली बसल्या. एका ठशावर हळूच तळवा फिरवला... इकडून... तिकडून...

स्पीकर सकाळी पुऱ्या किमतीला गेले. त्या चार ठशांतली लोकर अजून उठलेली नाही.